चाळीस घरांचा ओटा

१

गाद्यांच्या दुकानावर दोन खोल्या आणि त्या खोल्यांत तीन माणसं, एवढंच ते ऑफिस होतं. जिन्यात कायम कापसाचा वास. आतल्या खोलीत मालकीणबाई, बाहेरच्या खोलीत भिंतीशी दाढीवाला आणि खिडकीशी धाकटी. दाढीवाला अ‍ॅपची आतली यंत्रणा लिहायचा आणि ते डोळ्यांना दिसायचं कसं, हे धाकटी ठरवायची. धाकटी हे खरं तर तिचं घरातलं नाव. वडिलांनी एकदा ऑफिसच्या फोनवर "धाकटी आहे का?" असं विचारलं आणि त्या दिवसापासून चौतिसाव्या वर्षी ती सगळ्यांचीच धाकटी झाली.

अ‍ॅपचं नाव 'वाटी'. लोकांनी रोजच्या स्वयंपाकाचे फोटो टाकायचे, कसं केलं ते दोन ओळींत सांगायचं, दुसऱ्यांचं बघायचं. मालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "सजवलेली ताटं बघून लोकांचे डोळे विटलेत. मला तळाला लागलेला भात दाखवा. करपलेला कांदा दाखवा. शेजारीण भिंतीवरून वाटी पुढे करते ना, तसं वाटलं पाहिजे."

सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी चाळीस घरांत ते वापरून बघायचं ठरलं. या चाळीस जणांनी रोज अकरा ते एकच्या मधे, जे काही शेगडीवर असेल त्याचा फोटो टाकायचा. एक वाजला की धाकटी डबा उघडायची आणि एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने चाळीस घरं वर-खाली सरकवायची.

सत्ताविसावं घर तिच्या वडिलांचं होतं. मालकीणबाईंना तिने सांगितलं होतं की, सत्तरीच्या माणसाला बटणं सापडतात का, तेही कळायला हवं. खरं कारण वेगळं होतं. आई जाऊन आठ महिने झाले होते. बाबांनी उभ्या जन्मात चहासुद्धा केला नव्हता आणि आता ते दोन ठेसनं पलीकडे, जुन्या घरात एकटे राहून स्वतः रांधत होते. सत्ताविसाव्या चौकोनात रोज साडेबाराला एक पातेलं दिसायचं. काय शिजतंय ते धड कळायचंही नाही, पण ते दिसलं की धाकटीच्या घशाखाली घास उतरायचा.

२

गडबड सुरू झाली ती एका रेघेपासून.

फोटो चौकोनी कापून एका ओळीत तीन बसवायचे आणि दोन फोटोंच्या मधे केसाएवढी पांढरी रेघ सोडायची, अशी धाकटीची मांडणी होती. एके दुपारी मालकीणबाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "न्हाणीघरातल्या फरशा वाटतात गं. ती रेघ काढून बघ जरा."

धाकटीने रेघ काढली. फोटो एकमेकांना चिकटले. मालकीणबाई "हं, बरं आहे," म्हणून गेल्याही. धाकटी मात्र तोंडातला घास चावायची थांबली.

पहिल्या फोटोत निवृत्त नर्सबाईंचा हिरव्या दगडाचा ओटा होता. दुसऱ्यात एका शिंपीणबाईंचा, पत्रा ठोकलेला. तिसऱ्यात बाबांचा, काळ्या दगडाचा. रंग बदलत होते, पण ओट्याची कड तिन्ही घरांतून सरळ गेली होती, दोरी धरून आखल्यासारखी. ठीक आहे, धाकटीने स्वतःला समजावलं. ओटे सगळीकडे कमरेच्याच उंचीचे असतात आणि माणसं फोन छातीशीच धरतात. त्यात काय एवढं?

मग तिला फडकं दिसलं. नर्सबाईंच्या फोटोच्या उजव्या काठाला निळ्या पट्ट्यांचं अर्धं फडकं लोंबत होतं. उरलेलं अर्धं शिंपीणबाईंच्या फोटोच्या डाव्या काठाला. तिने पट्टे मोजले. एकही पट्टा तुटला नव्हता. फडक्याच्या कोपऱ्याला लागलेला हळदीचा डागसुद्धा या घरातून त्या घरात गेला होता.

निळी फडकी काय, घरोघरी असतात. तिने तरीही शिंपीणबाईंना फोन लावला.

"निळं फडकं?" शिंपीणबाई म्हणाल्या. "नाही हो. आमच्याकडे सगळे कापडाचे तुकडे, उरलेसुरले. का, फोटोत काही घाण दिसतेय का? मी दुसरा काढून पाठवते."

"नको, नको. छान आहे फोटो," धाकटी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

३

दाढीवाल्याला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचायचा. त्याने खुर्ची ओढून घेतली, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "वा! चाळीस घरांचा संसार एकत्र केलास. आता भांडणंही एकत्र."

"फोटो कुठल्या क्रमाने येतात?"

"ज्याने आधी टाकला तो आधी. चित्रात काय आहे ते आपल्या यंत्रणेला कळतच नाही. तिला फोटो काय आणि दगड काय, सारखंच." त्याने मान वाकडी करून फडक्याकडे पाहिलं. "योगायोग आहे. ढगात हत्ती दिसतो ना, तसं. थांब, विस्कटून दाखवतो."

त्याने एक बटण दाबलं आणि फोटो पत्ते पिसावेत तसे पिसले गेले. नर्सबाईंच्या शेजारी आता एका ड्रायव्हरचं घर आलं. फडकं होतंच. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. डागासकट.

दाढीवाल्याने पुन्हा पिसलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी शेजारी वेगळा आणि फडकं अखंड. आता त्यालाही इतर गोष्टी दिसायला लागल्या. खालच्या ओळीतल्या पातेल्याची वाफ वरच्या ओळीतल्या घरात शिरत होती आणि तिथे कढईमागून सरळ वर जात होती. एका घरातल्या झाकणाची सावली दुसऱ्या घरातल्या भिंतीवर पडत होती.

"मूळ फोटो उघड," धाकटी म्हणाली. "नुसता एकटा."

त्याने नर्सबाईंचा फोटो एकटा उघडला. उजव्या काठाशी नुसती भिंत. फडक्याचा मागमूस नाही. तो परत चाळिसांच्या गर्दीत सोडला आणि फडकं आलं.

खाली गाद्यांच्या दुकानात कोणीतरी काठीने कापूस झोडत होतं, तो धप्प धप्प आवाज तेवढा येत होता. दाढीवाला हळूच म्हणाला, "कुणाशेजारी कुणालाही बसवा. जमतंय त्यांचं."

तो चहाला म्हणून खाली उतरला तो तासाभराने आला. आल्यावर त्याने त्या स्क्रीनकडे पाठ होईल अशी आपली खुर्ची फिरवून घेतली.

४

शनिवारी थोरल्या बहिणीचा फोन आला. थोरलीच्या आवाजात आधीच निर्णय झालेला होता.

"मी त्यांना इकडे घेऊन येणार आहे. एकटं ठेवण्यात अर्थ नाही. काल मला काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, ओटा लांबलाय."

"लांबलाय म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"आता ते मला काय विचारतेस? डोकं चालेनासं झालंय त्यांचं. तू जवळ असतेस, तुझ्या लक्षात यायला नको?"

रविवारी सकाळी धाकटी मोजपट्टी घेऊनच गेली. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. तिने फार काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन ओटा मोजला.

"सात फूट दोन इंच," बाबा बाहेरूनच म्हणाले. "छत्तीस वर्षं मोजणी खात्यात जमिनी मोजल्या मी, धाकटे. मला शिकवू नकोस. बंद शेगडीचं माप घेऊन काय उपयोग?"

ती दारात येऊन उभी राहिली. "बाबा, नीट सांगा."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "शेगडी पेटवून फोटो काढला की थोड्या वेळाने लांबतो. भिंत असते, पण मागे सरकते. पहिल्या दिवशी मीही घाबरलो. मग म्हटलं, बघू तरी. रोज थोडा पुढे जाऊन येतो. परवा चारशे पावलं झाली. माणसं चांगली आहेत. कुणी काही विचारत नाही, हातात काहीतरी चिरायला देतात."

"आणि तुम्ही जाता?"

"तुझी आई असेल ना तिथे कुठेतरी."

हे ऐकून धाकटीला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. "आई काय फक्त स्वयंपाकघरातच होती का? तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसली ती. गाणं शिकली. पोहायला शिकली, पन्नासाव्या वर्षी. तिला शोधायचं तर तुम्ही ओट्यापाशी शोधणार?"

बाबांनी चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. मग म्हणाले, "बाकी सगळीकडे मी तिच्याबरोबर होतो गं. तिथेच काय ते एकटीला सोडलं होतं तिला. एक्केचाळीस वर्षं."

तिने मोजपट्टी गुंडाळली. निघताना थोरलीला काय सांगायचं याचा विचार करत होती. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही असं तिला एकदाही वाटलं नव्हतं, आणि भीती वाटत होती ती नेमकी त्याचीच.

५

मंगळवारी मालकीणबाईंनी फर्मान काढलं. पुढच्या आठवड्यात 'वाटी' सगळ्यांसाठी खुली करायची, त्याआधी आजवर आलेले सगळे फोटो एकदा एकत्र बघायचे. दाढीवाला आढेवेढे घेत होता. "बाई, खूप आहेत. दीड हजाराच्या वर. मुंगीएवढे दिसतील."

"मुंगीएवढे तर मुंगीएवढे. भिंतीवर टाक."

बाहेरच्या खोलीचे पडदे ओढले. पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरचा झोत पडला आणि फोटो एकामागून एक भरत गेले, खालून वर, डावीकडून उजवीकडे. शेवटचा बसला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.



भिंतीवर एक स्वयंपाकघर होतं. एकच. ओट्यांच्या दोन रांगा समोरून निघून आत, खोल आत गेल्या होत्या आणि मधे बैलगाडी जाईल एवढी वाट होती. शेगड्या किती, याची मोजदादच नव्हती. जवळच्या निळ्या, मग ठिपके, मग नुसती एक निळसर धूसर रेघ. प्रत्येक पातेल्यातून वाफ निघत होती, वर जाता जाता एकमेकींत मिसळत होती. आणि त्या वाफेच्याही वर छत होतं. चाळिसांपैकी एकाही माणसाने कधी छताचा फोटो काढला नव्हता. फोटो होते ते पातेल्यांचे, कढयांचे, तव्यावरच्या अंड्यांचे. तरी ते छत होतं, काजळीने काळंभोर, आणि इतकं उंच, की धाकटीची मान आपोआप मागे गेली, जशी भर दुपारी आभाळाकडे बघताना जाते.

तिने बाजूला पाहिलं. मालकीणबाईंनी पायातल्या चपला काढल्या होत्या. त्यांना स्वतःलाही ते कळलेलं दिसत नव्हतं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान मुलीसारखा आला.

"कुणीच नाही," दाढीवाला म्हणाला. "सगळ्यांनी."

तेवढ्यात धाकटीला तो दिसला. अगदी पुढे, उजव्या हाताच्या ओट्यावर, एक चौकोन राखाडी होता. ज्याचा आजचा फोटो आलेला नाही, त्याची जागा राखाडी दिसायची. तिला नंबर बघायची गरज नव्हती. पावणेएक वाजत आला होता. सत्ताविसावं घर कधी उशीर करत नसे.

तिने फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. वाजत राहिला. भिंतीवरच्या त्या राखाडी चौकोनातून वाफेची एक बारीक रेघ बाहेर येत होती.

६

दोन ठेसनं म्हणजे सोळा मिनिटं. त्या सोळा मिनिटांत धाकटीचं स्वतःला सगळं समजावून झालं. फोन दुसऱ्या खोलीत राहिला असेल. डुलकी लागली असेल. किंवा पडले असतील, आणि तेच असू दे, असंही एकदा तिच्या मनात आलं. पडलेल्या माणसाला उचलता येतं. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत रेडिओवर बातम्या चालू होत्या. बाबांचा चष्मा वर्तमानपत्रावर. चपला दाराशी, दोन्ही.

"बाबा?"

स्वयंपाकघरात शेगडी मंद पेटलेली होती. पातेल्यात पाणी खदखदत होतं. फळीवर अर्धा चिरलेला कांदा, सुरी शेजारी. ओट्यावर फोन होता, त्यावर पातेल्याचा काढलेला पण न पाठवलेला फोटो आणि तिचेच दोन कॉल दिसत होते. खोली बोटभर कमी नव्हती की हातभर जास्त नव्हती. समोर भिंत होती, तिच्यावर तीच जुनी पिवळट फरशी. तिला हायसं वाटलं, आणि मग ऐकू आलं.

झाकणं. वाफेने थरथरणारी झाकणं. एक-दोन नाहीत, दहा-वीस नाहीत. पत्र्यावर पाऊस पडावा तसा सलग आवाज, पण लांबून. तिने बाहेर जाऊन रेडिओ बंद केला. आवाज राहिला.

आधी गॅस बंद करावा, म्हणून तिने डावा हात ओट्याच्या कडेवर टेकवला आणि शेगडीकडे निघाली. दगड कोमट होता. एक पाऊल, दोन पावलं. कुठे गेलं बटण? ती चालत होती. कड हाताखालून सरकत होती. एका ठिकाणी दगडाचा स्पर्श बदलला, गुळगुळीत झाला, पुढे थंड पत्रा लागला, पुढे लाकूड. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की तिचा हात अजून ओट्यावरच आहे, आणि तिने सात फुटांपेक्षा कितीतरी जास्त अंतर तोडलं आहे.

७

मागे वळून बघायचं नाही, एवढं तिने ठरवलं. वळली असती तर पळाली असती.

वाफ दाट होती, पण गुदमरवणारी नव्हती. वाफेत माणसं होती. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. कुणी ढवळत होतं, कुणी मळत होतं, कुणी निवडत होतं. बायका, पुरुष, म्हातारी, तरणी. कुणाच्या अंगावर कसले कपडे, कुणाच्या हातात कसली भांडी, याचा एकमेकांशी काही मेळ नव्हता. गप्पा नव्हत्या. नुसतं काम. एकीने मान न वळवता "जरा सरक गं," म्हटलं आणि धाकटी सरकली. त्या बाईच्या कढईतलं जे काही होतं त्याचा वास आला आणि आज आपण डबा उघडलाच नाही, हे धाकटीला आठवलं. शेगड्यांमागून शेगड्या. वर बघायचं धाडस तिने एकदाच केलं. आवाज तिथपर्यंत पोहोचून परत येत नव्हता.

बाबा बटाटे सोलत होते. एका ठेंगण्या म्हाताऱ्याच्या शेजारी, सदऱ्याच्या बाह्या दुमडून. सालं सलग निघत होती. कधी शिकले हे?

"बाबा, चला."

"आलीस?" त्यांना नवल वाटलं नाही. "एवढे सोलून होऊ देत."

"कुणासाठी चाललंय हे सगळं?"

"जेवणारे अजून यायचेत, म्हणतात."

"कोण जेवणारे?"

बाबांनी मानेनेच पुढे खूण केली, जिकडे ओटे संपत असावेत तिकडे. तिथे दिवे नव्हते. तो भाग रिकामा होता, आणि काहीतरी येण्यासाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला वाटत होता.

इतक्यात डावीकडच्या वाफेतून एक हात पुढे आला. हातात पळी. मनगटापलीकडे काही दिसत नव्हतं. "मीठ बघ गं," कोणीतरी म्हणालं, घरात जाता-येता कुणालाही म्हणतात तसं. धाकटीने पळी तोंडाला लावली. ते काय होतं, हे तिला पुढे कधीही सांगता आलं नाही. चव मात्र होती, पुरेपूर, जिथल्या तिथे.

"झालंय," ती म्हणाली.

"झालंय," वाफेतला आवाज पलीकडे म्हणाला. "झालंय," त्याच्या पलीकडचा. शब्द ओट्यावरून पुढे निघाला. "झालंय... झालंय..." पुरुषांच्या आवाजात, बायकांच्या, तिला न कळणाऱ्या बोलींत, बारीक होत, लांब जात, आणि तरी संपेना. आपण हे काय बोलून बसलो, असं धाकटीला वाटलं. मग शेगड्या बंद व्हायला लागल्या. टक्. टक्. टक्. दूरवर निळी रेघ विझली, मग ठिपके विझले, मग जवळच्या. शेवटी बाबांच्या समोरची. झाकणं थांबली.

त्या शांततेत काही माणसांनी भांडी उचलली आणि ती अंधाराकडे चालू लागली. फार नव्हती. धाकटीच्या शेजारून एक जड पातेलं घेऊन जाणाऱ्याचा हात डगमगला, ती मदतीला पुढे झाली, तर बाबांनी तिचं मनगट धरलं.

"तिकडे नाही. वाढायचं काम आपलं नाही. अजून."

आणि लगेच त्यांची पकड घट्ट झाली, इतकी की तिला कळ आली. ते पुढे बघत होते. वाटेच्या मधोमध एक बाई पाठमोरी चालली होती. डावा खांदा किंचित वर, पातेलं कमरेशी टेकवलेलं, पावलं भरभर. पोस्टातून घरी येताना बसच्या थांब्यापासून तशीच यायची ती. धाकटीने तोंड उघडलं.

"हाक मारू नकोस," बाबा म्हणाले. "हातात गरम आहे तिच्या."

ती बाई अंधारात गेली. तिच्यामागून इतर गेले. मग तिथे, पुढे, कोणीतरी बसलं. एवढंच कळलं. पायाखालची जमीन किंचित दबली आणि वरची वाफ सगळी एकदम तिकडे झुकली, वाऱ्याने पडदा झुकावा तशी. त्या झुकलेल्या वाफेत क्षणभर एक गुडघा दिसला. किंवा टेकडीसारखं काहीतरी, ज्याला दुसरं काय म्हणावं हे धाकटीला सुचलं नाही. तिने नजर खाली केली. सगळ्यांनीच केली होती.

भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग पहिला घास घेतल्याचा.

ओट्यापाशी उभ्या असलेल्या एवढ्या माणसांपैकी कुणीही श्वास घेत नव्हतं. मीठ तिने बघितलं होतं. झालंय, असं तिने सांगितलं होतं. ती बाबांना चिकटून उभी राहिली आणि वाट बघत राहिली.

दुसरा घास घेतल्याचा आवाज आला, आणि अंधारापर्यंत पसरलेल्या त्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला.

८

ओट्याची कड धरून दोघं परत आले तेव्हा रेडिओ बंदच होता. पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं, शेगडी विझलेली. भिंत जिथल्या तिथे. बाबांनी अर्धा राहिलेला कांदा चिरला, झाकून ठेवला. दोघांपैकी कुणालाच भूक नव्हती.

"परत जाणार?" धाकटीने विचारलं.

"आता शोधायचं काही राहिलं नाही." ते हात धुवत होते. "सुखात दिसली ना?"

"पाठच दिसली, बाबा."

"पाठीवरूनही कळतं," ते म्हणाले आणि पुसलेले हात पुन्हा पुसत बसले. रविवारी थोरली न्यायला आली तेव्हा ते कुरकुर न करता तिच्याबरोबर गेले.

पण त्याआधी, बुधवारी, धाकटी नेहमीसारखी ऑफिसात आली होती. आदल्या दिवशी काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मालकीणबाई आपली खुर्ची बाहेरच्या खोलीत आणून बसल्या होत्या. अकरापासून तिघंही स्क्रीनसमोर. साडेबारापर्यंत एकही फोटो आला नाही. मग एकाच मिनिटात सगळे आले. नर्सबाईंचा, शिंपीणबाईंचा, ड्रायव्हरचा, सत्ताविसाव्या घरातला. खाली कुणी काही लिहिलं नव्हतं.



या लोकांची एकमेकांशी ओळख नव्हती. तरी चाळीसच्या चाळीस फोटोंत भांडी होती. घासून, पुसून, ओट्यावर पालथी घातलेली. घरातलं शेवटचं माणूस जेवून उठलं, की घालतात तशी.